आकृती काढायची, चालवायची की तिच्यातून कोड काढायचा?

बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग (काम कुठल्या पायऱ्यांनी होतं ते आकृतीत मांडणं) आणि मॉडेलवरून सॉफ्टवेअर बनवणारी साधनं निवडायला बसलं की पहिल्याच दिवशी गोंधळ उडतो. ‘मॉडेलिंग टूल’ या एकाच पाटीखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक नुसती आकृती काढते, दुसरी आकृती चालवते, तिसरी मॉडेलमधून कोड काढून देते आणि बाजूला होते, चौथी मॉडेल, कोड, सर्व्हर सगळं आपल्याच पोटात ठेवते. डेमोत चारही देखण्या. म्हणून डेमो पाहून मत बनवणं मी सोडलंय. मी बघतो नंतरचा बदल. सगळं लागू होऊन आठ महिने झालेत, आकृती काढणारी माणसं दुसऱ्या कामाला लागलीत आणि कोणीतरी येऊन म्हणतं, ‘एवढं एकच बदलायचंय.’

तो बदल आपण इथे पक्का धरू: बिलाला मंजुरी देणाऱ्याने दोन दिवसांत काहीच केलं नाही, तर बिल वरिष्ठांकडे जावं. आता हा बदल घेऊन चारही दारांवर जाऊ.

नुसती आकृती

व्हिजिओ, ड्रॉ डॉट आयओ, बिझागी मॉडेलर ही या घरातली ओळखीची नावं. एरिस आणि सिग्नाव्हिओ यांचा पसारा मोठा, शेकडो प्रक्रिया एकत्र सांभाळणारा, पण मूळ काम प्रक्रिया समजून घेण्याचं आणि मांडण्याचंच. इथे आपला बदल पाच मिनिटांत होतो: एक घड्याळ, एक बाण, एक चौकट. प्रत्यक्ष सिस्टीममध्ये मात्र काहीच हललेलं नसतं, आणि आकृतीला त्याचा पत्ताही नसतो. लोकांचं एकमत करायचं असेल किंवा ऑडिटला दाखवायचं असेल, तर एवढं पुरे. त्यासाठी आकृती चालवणारं इंजिन विकत घेऊ नका.

फक्त चिन्हांचे नियम कळणारं साधन घ्या. बीपीएमएन या प्रक्रियेच्या आकृत्यांच्या ठरलेल्या चिन्हभाषेत दोन वेगळ्या संस्थांच्या पूलमधून, म्हणजे प्रत्येकीच्या स्वतंत्र पट्ट्यातून, साधा क्रमाचा बाण आरपार नेता येत नाही, तिथे संदेशाचा तुटक बाण लागतो. नुसत्या चित्रकलेच्या साधनात काहीही कशालाही जोडता येतं, आणि चूक भिंतीवर छापून लागल्यावर कळते.

आकृती चालवणारं इंजिन

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांची खरी निवड इथेच होते.

बीपीएमएनची पहिली आवृत्ती २००४ची, बीपीएमआय या संस्थेची. २००५मध्ये ती संस्था ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संघटनेत विलीन झाली. खरा फरक पडला २०११च्या २.० आवृत्तीने: आकृती एक्सएमएलमध्ये कशी साठवायची आणि इंजिनाने तिचा अर्थ कसा लावायचा, हे दोन्ही तिच्यात ठरलं. २०१३मध्ये तिला आयएसओ १९५१० हा क्रमांकही मिळाला. तेव्हापासून अ‍ॅनालिस्टने काढलेली आणि सर्व्हरवर चालणारी आकृती एकच फाइल असू शकते.

जावाच्या दुनियेतली प्रमुख मुक्त इंजिनं एकमेकांची भावंडंच आहेत. जेबीपीएम या जुन्या इंजिनावर काम केलेल्या मंडळींनी २०१०मध्ये अ‍ॅक्टिव्हिटी सुरू केलं. त्यातून २०१३मध्ये कामुंडा आणि २०१६मध्ये फ्लोएबल वेगळं निघालं. डेटाबेसमधल्या टेबलांची नावं ‘एसीटी’ने सुरू झालेली दिसली, तर समजा याच घराण्यातलं आहे.

आता आपला बदल. मंजुरीच्या चौकटीच्या कडेवर टायमर चिकटवायचा आणि मुदतीत ‘पीटी४८एच’, म्हणजे ४८ तास, लिहायचं. झालं? इथे दोन खड्डे आहेत. पहिला टायमरच्या वर्तुळात. दुहेरी कड सलग असेल, तर वेळ संपताच मूळ माणसाचं काम रद्द होतं. कड तुटक असेल, तर ते तसंच राहतं आणि वरिष्ठांकडे आणखी एक काम उभं राहतं, म्हणजे एकाच बिलाला दोघांनी मंजुरी द्यायची सोय. स्क्रीनवर हा फरक बारीक दिसतो, हिशेबात मोठा पडतो.

दुसऱ्या खड्ड्यात आम्ही स्वतः पडलो. ४८ तास म्हणजे घड्याळाचे तास. इंजिनाला शनिवार-रविवार कळत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आलेली बिलं रविवारी संध्याकाळी मुकाट वर सरकली. सोमवारी सकाळी मंजुरी देणारे आले तर त्यांची यादी रिकामी, आणि साहेबांच्या यादीत आठवड्याच्या शेवटाची सगळी बिलं. फोन आधी आम्हालाच आला, हे सांगायला नको. शेवटी सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून तारीख काढणारा छोटा कोड लिहिला, त्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि टायमरला मुदतीऐवजी ती तारीख दिली. ‘कोड न लिहिता’ असं कोणी म्हणालं की मला तो सोमवार आठवतो.

आणखी एक गोष्ट आधी विचारून ठेवा: बदल केला तेव्हा जी बिलं अर्ध्या वाटेवर होती, त्यांचं काय? ही इंजिनं प्रत्येक आकृतीच्या आवृत्त्या ठेवतात. नवं बिल नव्या आवृत्तीवर चालतं, जुनं मात्र जुन्याच आवृत्तीवर संपतं. जुन्यांना नव्यावर हलवता येतं, पण चौकटी हटवल्या किंवा त्यांचे आयडी बदलले असतील, तर कुठली चौकट कुठे न्यायची हे बसून जुळवावं लागतं. चौकटीचं दिसणारं नाव खुशाल बदला, आयडीला हात लावू नका.

‘बीपीएमएन मानक आहे, उद्या दुसऱ्या इंजिनावर जाऊ’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. चित्र जातं. पण कुठली चौकट कुठला कोड बोलावते, फॉर्म कुठला, अटी कुठल्या भाषेत लिहिल्यात, हे सगळं प्रत्येकाच्या खासगी विस्तारात असतं. कामुंडा ७मधून कामुंडा ८मध्ये जातानासुद्धा हे सोसावं लागतं: ७मध्ये इंजिन तुमच्या जावा अ‍ॅप्लिकेशनच्या आत बसायचं आणि अटी जेयूईएल या भाषेत असायच्या, ८मध्ये झीबी हे वेगळं चालणारं इंजिन आहे, तुमचा कोड बाहेरून कामं उचलतो आणि अटी फील या दुसऱ्या भाषेत लिहायच्या.

परवाना नीट वाचा. कामुंडा ७च्या मोफत आवृत्तीचं आयुष्य ऑक्टोबर २०२५मध्ये संपलं. ८.६पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४पासून, कामुंडा ८ स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष वापरात चालवायचं तर सशुल्क परवाना लागतो. शिकायला आणि चाचणीला मोफत आहे. फ्लोएबलचं मुक्त इंजिन अपाची २.० परवान्याखाली मिळतं. जेबीपीएम आता अपाचीच्या केआयई प्रकल्पात आहे.

माझं मत विचाराल तर: जावाची टीम, मध्यम भार आणि इंजिन अ‍ॅप्लिकेशनच्या आतच हवं, तर फ्लोएबल. अनेक भाषांमधल्या सेवा, प्रचंड संख्या, वेगळी यंत्रणा सांभाळणारी माणसं आणि बजेट असेल, तर कामुंडा ८. नियमांचं काम ड्रूल्स या नियम चालवणाऱ्या इंजिनात आधीच असेल, तर जेबीपीएमकडे आधी बघा. आणि प्रक्रिया तीन पायऱ्यांची, एकाच वाटेची असेल, तर टेबलात एक ‘स्थिती’चा रकाना आणि रात्री चालणारं एक जॉब पुरतं, इंजिन म्हणजे डासावर तोफ.

मॉडेलमधून कोड

ओएमजीने २००१मध्ये एमडीएची, म्हणजे मॉडेलवर आधारलेल्या रचनेची, घोषणा केली, तेव्हा स्वप्न मोठं होतं: आधी तंत्रज्ञानाशी संबंध नसलेलं मॉडेल, मग त्यातून विशिष्ट तंत्रज्ञानाचं मॉडेल, मग त्यातून कोड. सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या यूएमएलच्या आकृत्यांमधून अख्खं अ‍ॅप्लिकेशन काढायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांना एक गोष्ट लवकर उमगली. सगळे बारकावे आकृतीत भरले की ती कोडइतकीच किचकट होते, वर माउसने लिहावी लागते.

जिथे विषय अरुंद आणि नियम पक्के, तिथे मात्र ही पद्धत सोन्यासारखी चालते. नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलिंकच्या मॉडेलमधून सी कोड काढणं हा रोजचा मामला आहे. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरसाठी मॉडेलमधून जावा क्लास काढणारं एक्लिप्सचं ईएमएफ, आपली छोटी भाषा बनवायला एक्सटेक्स्ट किंवा जेटब्रेन्सचं एमपीएस, आणि वेब अ‍ॅप्लिकेशनचा सांगाडा काढायला जेहिपस्टर. शेवटच्यात मॉडेल साध्या मजकुरात लिहितात, आणि मला तेच भावतं: बदल गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ओळीओळीने वाचता येतो.

आपला बदल इथे दोन तुकड्यांत होतो. ‘वर पाठवल्याची तारीख’ हा नवा रकाना मॉडेलमध्ये एका ओळीने येतो. क्लास, स्क्रीन, एपीआय सगळीकडे आपोआप पसरतो. दोन दिवस थांबण्याचं वागणं मात्र हातानेच लिहायचं, आणि मग खरा प्रश्न उभा राहतो: पुन्हा जनरेट केल्यावर हाताने लिहिलेलं टिकेल का? ईएमएफ काढलेल्या प्रत्येक मेथडवर ‘जनरेटेड’ असा शेरा मारतो. आपण ती बदलली, तर शेऱ्यापुढे ‘नॉट’ जोडायचं, म्हणजे जनरेटर तिला हात लावत नाही. विसरलात, तर पुढच्या जनरेशनमध्ये तुमचं काम साफ. त्यापेक्षा काढलेला कोड एका क्लासमध्ये आणि हाताचा कोड त्याच्या सबक्लासमध्ये, वेगळ्या फोल्डरमध्ये, ही जुनी रीत जास्त निर्धास्त. जेहिपस्टर आधीच्या फाइलवर लिहिण्यापूर्वी विचारतो. चाळीस फायलींनंतर माणूस न वाचता ‘हो’ म्हणतो, हा भाग निराळा.

रकान्याचं नाव बदललं की आणखी जपावं लागतं. मॉडेलला वाटतं जुना रकाना गेला, नवा आला. डेटाबेसच्या स्क्रिप्टमध्ये तेच उतरलं, तर जुनी माहितीही गेली. जनरेटर निवडताना हा प्रयोग माहिती भरलेल्या टेबलावर करून बघा.

सगळं एकाच छपराखाली

इथली ओळखीची नावं मेंडिक्स आणि आउटसिस्टम्स. आउटसिस्टम्स २००१पासून आहे, मेंडिक्स २००५पासून. मेंडिक्स २०१८मध्ये सीमेन्सने विकत घेतली. आपला बदल इथे सगळ्यात लवकर होतो, स्क्रीन आणि डेटाबेससकट. नावबदलाची झळही कमी, कारण मॉडेल आणि डेटाबेस दोन्ही त्यांच्याच ताब्यात. छोट्या टीमने आतल्या कामाची पंचवीस अ‍ॅप्लिकेशन्स काढायची असतील, तर मी हेच सुचवेन.

किंमत बाहेर पडताना मोजावी लागते. प्लॅटफॉर्म सोडला, तर हातात काय उरतं, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. वापरकर्ते दुप्पट झाले तर दर काय, हेही. दोघांनी एकाच मॉडेलमध्ये केलेले बदल जुळवायला त्यांचंच एडिटर लागतं, हे डेव्हलपरना आधी सांगा. कुरबूर नंतर ऐकण्यापेक्षा आधीच ऐकलेली बरी.

चाचणी कशी घ्यायची

दोन साधनं शॉर्टलिस्ट झाली की दोन्हींत एकच प्रक्रिया उभी करा, त्यात दहा-बारा बिलं अर्ध्यावर सोडा, आणि मग वरचा बदल अशा माणसाला द्या ज्याने ती आकृती काढलेली नाही. त्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवा, आणि त्याला किती वेळा विचारायला यावं लागलं तेही. मग त्याचा बदल गिटमध्ये उघडा. बीपीएमएनच्या फाइलमध्ये चौकटींच्या जागांचे आकडेसुद्धा असतात. कोणी आकृती ‘जरा सरळ’ केली की शंभरेक ओळी बदललेल्या दिसतात, आणि त्यांच्या गर्दीत टायमरची ती एक ओळ तपासणाऱ्याला सापडली पाहिजे. दोन्ही साधनांत ती सापडायला किती वेळ लागतो, तेवढं बघा.