एव्हिएटर घ्यायचा, पण कुठून?

रे-बॅनचा एव्हिएटर गॉगलच घ्यायचा हे ठरलं असेल, तर प्रश्न उरतो तो फक्त कुठून मागवायचा याचा. इंदुरात आमच्या ओळखीत दोन तट आहेत. काही जण सेलची वाट बघून मोठ्या मार्केटप्लेसवरून मागवतात, काही थेट रे-बॅनच्या साइटवरून. मी आधी पहिल्या तटात होतो.

भावात मार्केटप्लेस पुढे आहे, हे मान्यच. बँकेचं कार्ड आणि कूपन धरून माझे बाराशे वाचले, आणि दुसऱ्या दिवशी पार्सल सुदामानगरात दारात. पण तिथे फोटो एकच असतो आणि विकणारे पाच. कोण विकतंय ती बारीक ओळ मी वाचलीच नव्हती.

बॉक्सच्या स्टिकरवर मॉडेल आरबी ३०२५, काचेचं माप ६२. पण काडीच्या आत छापलेलं ५८-१४, म्हणजे काच ५८ची. डाव्या काचेवर बिजागरीजवळ बारीक 'आरबी' कोरलेलं असतं, ते शोधलं तर तेही जागेवर! नक्कल करणारे एवढं तर करणारच. उजव्या काचेवरचा लोगो मात्र नखाने घासला तर कडेने सुटायला लागला.

खरा वैताग पुढे. मार्केटप्लेस म्हणे, माल नकली असल्याचं लेखी आणा. एम. जी. रोडवरच्या एका ऑप्टिशियनकडे गेलो. त्याने गॉगल उलटसुलट करून पाहिला आणि हसला. "भिया, बोल सकता हूँ, लिख के नहीं दूँगा." काच अतिनील किरण अडवते का हे बघणाऱ्या यूव्ही मीटरवर ठेवला, तर पास! साधी पॉलिकार्बोनेटची काचसुद्धा यूव्ही अडवते, त्यामुळे मीटरवरून अस्सल-नकली ठरत नाही. या धावपळीत रिटर्नची मुदत उलटली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. ती आली, अगदी वेळेवर. नुसती पोचच. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा दीड महिन्याने पैसे आले.

कंपनीच्या साइटवर सवलत बेताचीच, हवा तो रंग पुष्कळदा संपलेला आणि पार्सलला पाच दिवस. तरी पुढचा गॉगल मी तिथूनच घेतला. ५८ माझ्या चेहऱ्याला मोठा वाटला, म्हणून परत पाठवून ५५ मागवला. तेव्हा मला कुणी काही सिद्ध करायला लावलं नाही. बाराशे रुपये जास्त गेले ते याचेच, असं मी धरतो.

अर्थात, हा एका माणसाचा अनुभव. माझ्या साडूने त्याच मार्केटप्लेसवरून ब्रँडेड पट्टा घेतला, तीन वर्षं झाली, झकास आहे. तुम्हालाही तिथूनच घ्यायचा असेल तर आधी विक्रेत्याचं नाव उघडून बघा, पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि रिटर्नची मुदत संपायच्या आत काडीवरचं माप वाचा.

माझा नकली गॉगल न्यायला कुणी आलंच नाही. तो स्कूटरच्या डिकीत पडलेला असतो. रविवारी छप्पन दुकानला पोहे खायला जाताना मी तोच घालतो. मीटरवर पास आहे ना!