प्री-लेयर मॅश, पाच महिन्यांनी: गोणीवर तक्रार नाही, चुनखडीच्या पिठावर आहे

प्रश्न होता: प्री-लेयर मॅशची, म्हणजे पहिल्या अंड्याआधी द्यायच्या भरड खाद्याची, वेगळी गोणी घ्यावी का? 40 ग्रामप्रिया जातीच्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या), 20व्या आठवड्यापासून गिरणीचं प्री-लेयर मॅश आणि अंडी सुरू झाल्यावर त्याच गिरणीचं लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य. पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. गेल्या पंधरवड्यात मात्र कवचं पातळ झाली, बोटाने चेपतील अशी. दोन अंडी तर नुसत्या पापुद्र्यातली. लेबलवर कॅल्शियम व्यवस्थित आहे, पण ते कोंबड्यांच्या पोटात पोचत नाही.

कॅल्शियमसाठी गिरणीवाले चुनखडी पिठासारखी बारीक दळून टाकतात. ती मक्याच्या भरड्यापेक्षा जड, त्यामुळे टेंपोत गोणी हादरत आली की तळाला बसते. वरची अर्धी गोणी कॅल्शियमला कमी, तळाची नको तितकी जास्त. त्यात कोंबडी चोचीने मक्याचे कण वेचते आणि पीठ फीडरमध्येच राहतं. त्यावर रोज नवीन खाद्य ओतलं की खाली थर साचतो. खात्री करायची असेल तर फीडरच्या तळातलं चमचाभर पीठ वाटीत घ्या आणि वर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. जोरात फसफसलं तर ती चुनखडी. वरच्या खाद्याचा चमचा शेजारी ठेवून तेच करा, फरक डोळ्यांना दिसतो.

दुकानदाराचं उत्तर होतं, पाण्यातून लिक्विड कॅल्शियम द्या. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो कवचासाठी निरुपयोगी आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. बाटलीवरच्या डोसप्रमाणे एका पक्ष्याच्या वाट्याला मिलिलिटरचा अंश येतो. त्यात 2 ग्रॅम मावतीलच कुठून?

ज्याने फरक पडला ते असं. नवी गोणी थेट न वापरता ताडपत्रीवर पूर्ण ओतायची, फावड्याने तीनदा खालीवर करायची. 50 किलोला पाव किलो सोयाबीन तेल चोळलं की पीठ भरड्याला चिकटून राहतं. तेल लावलेलं खाद्य आठवडा-दहा दिवसांत संपवायचं, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर खवट वास धरतं. फीडर एक तृतीयांशच भरायचा आणि दुपारी एकदा पूर्ण रिकामा होऊ द्यायचा, म्हणजे पीठही चाटून जातं. शिवाय संध्याकाळी वेगळ्या भांड्यात 2 ते 4 मिलिमीटरचा शिंपल्यांचा चुरा, अंडी देणाऱ्या कोंबडीमागे 3-4 ग्रॅम. कवच मुख्यतः रात्री चढतं. दाणेदार चुरा गिझार्डमध्ये (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतो, पीठ तोवर पुढे निघून गेलेलं असतं. घरातला चुना कधीही टाकू नका, तो चोच आणि अन्ननलिका भाजतो. डोलोमाइट चुनखडीही नको, त्यातल्या मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते आणि कवच सुधारत नाही.

आता मूळ प्रश्न: प्री-लेयरची वेगळी गोणी घ्यावी का? सुरुवातीला उत्तर ठाम 'हो' होतं. पहिल्या अंड्याआधी दहा-चौदा दिवस तलंग पायाच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते. ग्रोअरमध्ये, म्हणजे त्याआधीच्या वाढीच्या खाद्यात, कॅल्शियम जेमतेम 1 टक्का. 85 ग्रॅम खाल्लं तरी 0.85 ग्रॅम. तेवढ्यावर अंडी सुरू झाली की तलंग कॅल्शियम हाडातून काढते आणि काही कोंबड्या पायावरून बसतात. प्री-लेयरमध्ये 2 ते 2.5 टक्के असतं, म्हणून ते लागतंच.

पण हिशोब मांडल्यावर मत बदललं. 1 टक्क्याचं ग्रोअर आणि 3.6 टक्क्यांचं लेयर निम्मं-निम्मं मिसळलं की 2.3 टक्के होतात. प्रथिनं 16 आणि 18 ची 17. म्हणजे तीच गोणी. 40 तलंगांना दोन आठवड्यांना 40 × 85 ग्रॅम × 14, सुमारे 48 किलो लागतं. 25 किलो उरलेलं ग्रोअर, 25 किलो लेयर, आणि लेयर पुढे लागणारच आहे. प्री-लेयर किलोमागे तीन-चार रुपये महाग असेल तर 150-200 रुपये वाचतात, आणि अर्धी गोणी ग्रोअर कुजत पडत नाही. हजार पक्ष्यांच्या शेडला मिसळण्याची मजुरी धरता तयार गोणी बरी, चाळीस-पन्नासला नाही.

बदल तारखेवर करू नका. तुरा फुलून लालभडक झाला, पाठीवर हात ठेवल्यावर तलंग पंख पसरून खाली बसली, गुदद्वाराजवळच्या ओटीच्या हाडांत दोन बोटं मावली, की मिश्रण सुरू. व्यापारी जातींत हे 16-17 आठवड्यांना दिसतं, गावरानला बरंच उशिरा. रोज 5 टक्के अंडी, म्हणजे 40 मागे 2 अंडी, आली की पूर्ण लेयर. 'लवकर अंडी येतील' म्हणून 12व्या आठवड्यापासून लेयर देणारे बरेच आहेत. अंडी लवकर येत नाहीत, जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर बसतं, विष्ठा पाण्यासारखी होते आणि पुढे गाउटने (शरीरात युरिक ॲसिड साचून) मरतूक लागते.

पुढची खरेदी: त्याच गिरणीचं लेयर, पण निम्मी चुनखडी दाणेदार टाकून देणार असतील तरच. गोणी उघडून मुठीत घ्यायची, चुनखडीचे पांढरे खडे बोटांना लागले पाहिजेत.