कॅम्परव्हॅनचा फ्रीज आणि प्लायवूडमागची फसवणूक

व्हॅनचं कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करून देणाऱ्यांच्या कोटेशनमध्ये एक ओळ हमखास असते : ‘१२ व्होल्ट फ्रीज ५० लिटर, १०० एएच लिथियम, २०० वॉट सोलर, एमपीपीटी, कॉपर वायरिंग’. एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; एमपीपीटी म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा कंट्रोलर. नाशिकच्या एका कुटुंबाने ही ओळ वाचून पूर्ण पैसे भरले. कोकणातल्या पहिल्याच मुक्कामी संध्याकाळी सातला इंजिन बंद केलं आणि रात्री बाराच्या आत फ्रीज बंद पडला. सकाळी दूध नासलेलं, मासळीला वास. करून देणाऱ्याचं फोनवर उत्तर, ‘गॅस गेला असेल, भरून घ्या.’ गॅसचे वेगळे पैसे गेले आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तेच. शेवटी पलंगाखालचं प्लायवूड उघडलं तेव्हा कळलं, की त्या ओळीतला फ्रीज तेवढा खरा होता.

‘गॅस गेला’ ही थाप ओळखायला सोपी आहे. गॅस गेलेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालत राहतो, फक्त गारवा येत नाही. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करून थांबत असेल, एररचा दिवा लुकलुकत असेल, तर फ्रीजपर्यंत व्होल्टेज पोचत नाहीये. गॅसवाल्याला बोलवायच्या आधी हे बघा.

हिशोब असा. ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो. तो सतत चालत नाही. थंडीत तासातली वीस मिनिटं, मे महिन्यात अकोल्या-नागपुरात अर्धा तास किंवा त्याहून जास्त. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला ५०-६० एएच धरा. खरी १०० एएच लिथियम बॅटरी यावर दीड दिवस आरामात काढते. सात ते बारा या पाच तासांत जेमतेम १०-१२ एएच जातात. तेवढ्यात फ्रीज बंद पडला, तर दोष बॅटरीत किंवा वायरमध्ये, किंवा दोन्हींत.

कुठला, ते दहा मिनिटांत कळतं. कॉम्प्रेसर चालू असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच फ्रीजच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. या गाडीत तो १.३ निघाला. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत ६ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर वायर. ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर असती तर ४ अँपिअरला जेमतेम ०.२ व्होल्ट पडले असते. टाकली होती १ स्क्वेअरची, तीही ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. तारेचं एक टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजा. अशा वायरचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि लगमध्ये (वायरच्या टोकाच्या धातूच्या पकडीत) दाबलेली जागा काही महिन्यांत सैल होऊन तापू लागते. बॅटरी १२.२ वर आली की फ्रीजला मिळायचे १०.९, आणि तो स्वतःच्या कट-ऑफवर (कमी व्होल्टेजला बंद पडायच्या मर्यादेवर) झोपायचा. कट-ऑफ ‘लो’वर केला की फ्रीज चालतो, म्हणून कारागीर तेवढंच करून देतात. वायर मात्र तापतच राहते.

बॅटरीची लबाडी याहून वाईट, कारण तिथे आगीचा प्रश्न आहे. कॅम्परमध्ये अपेक्षित असते ती लिथियम आयर्न फॉस्फेट : ३.२ व्होल्टचे चार सेल, मिळून १२.८ व्होल्ट. पूर्ण चार्ज करून काही तास विनालोड ठेवली की मीटर १३.३ च्या आसपास दाखवतो. या डब्यावर मीटर १२.५ दाखवत होता आणि वजन ६ किलो. आत जुन्या गाड्यांच्या पॅकमधून काढलेले, नवीन वेष्टन चढवलेले वेगळ्या रसायनाचे सेल होते, तीन-तीनच्या ओळीत. त्यांची मर्यादा सेलमागे ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६. चार्जर मात्र १४.६ चा. बॅटरीतलं संरक्षण सर्किट एकदा दगावलं की प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्टच्या वर जाणार, आणि वर माणसं झोपलेली. खरी १०० एएच बॅटरी साधारण १० ते १३ किलो भरते. पण नुसत्या वजनावर विसंबू नका, डब्यात भर घालणारेही आहेत. पक्की परीक्षा लोडची. हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब लावा, तो ५ अँपिअरच्या आसपास घेतो. १०० एएचवर तो वीसेक तास जळायला हवा. सात-आठ तासांत विझला तर पैसे परत मागा. लडाख-स्पितीला जाणार असाल तर शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबतं का, तेही लेखी घ्या. गोठलेल्या लिथियम सेलला चार्ज केलं की तो कायमचा बिघडतो.

फ्यूज होता, पण फ्रीजपाशी. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच पाहिजे. नाहीतर मधली सहा मीटर वायर उघडीच. ४ स्क्वेअरच्या फ्रीज लाइनला १५ अँपिअर पुरतो. इथे १ स्क्वेअरला ३० चा होता. शॉर्ट झाला असता तर आधी वायर पेटली असती.

इंजिनकडून चार्जिंगला नुसता रिले (दोन बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) टाकलेला. जुन्या गाडीत लेड-ॲसिड बॅटरीला ते चालून जातं. लिथियम मात्र मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी राहून इंजिन चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवरचा वीज बनवणारा भाग) तापून जळतो. बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे बॅटरी कधी पुरी भरतच नाही. मधे करंट आणि व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लागतो. कोटेशनमध्ये तो वेगळा दिसला पाहिजे.

सोलर पट्टीने मोजा. २०० वॉटला जवळजवळ एक चौरस मीटर जागा लागते. २ बाय ३ फुटांचं पॅनेल १२० वॉटच्या फारसं पुढे जाऊ शकत नाही, स्टिकर काहीही म्हणो. एमपीपीटी खरा असेल तर भर दुपारी, बॅटरी अर्धी असताना, बॅटरीकडे जाणारा करंट पॅनेलकडून येणाऱ्यापेक्षा जास्त दिसतो. डीसी क्लॅम्प मीटरवर दोन्ही सारखे आले, तर डब्यात साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर आहे.

या गाडीत फ्रीज खरा होता, पण सगळीकडे तसं नसतं. ‘कूल/हॉट’ असं बटण असलेला हलका डबा फ्रीज म्हणून विकतात. तो कॉम्प्रेसर नसलेला पेल्टियर कूलर : बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश गार, बस. ४२ अंशांत आत २२ च्या खाली जाणार नाही, आणि वर ४-५ अँपिअर सतत खाणार. परदेशी मोटरहोममधले गॅस-१२ व्होल्ट-२३० व्होल्टचे फ्रीजही ‘कशावरही चालतो’ म्हणून येतात. १२ व्होल्टवर ते १० अँपिअर किंवा जास्त सलग ओढतात, म्हणून त्या मोडवर इंजिन चालू असतानाच वापरायचे. आणि गॅसची ज्योत पेटवून गाडी चालवणं, पेट्रोल पंपावर शिरणं, हे कोणी सुचवलं तर त्या दुकानातून निघा.

शेवटचा हप्ता चोवीस तासांच्या चाचणीनंतरच द्या. फ्रीज पाण्याच्या बाटल्यांनी भरून ४ अंशांवर लावा, इंजिन बंद, सोलर तोडलेलं, बाहेरची वीज नाही. दर तीन तासांनी दोन्हीकडचं व्होल्टेज लिहा. प्लायवूड बसवण्याआधीचे वायरिंगचे फोटो मागा. जीएसटी बिलात बॅटरीचं रसायन, सिरियल नंबर, वायरचा स्क्वेअर, प्रत्येक फ्यूज वेगळा लिहून घ्या. ‘इलेक्ट्रिकल काम – एकरकमी’ अशा बिलावर ग्राहक आयोगापुढे काहीच सिद्ध करता येत नाही. नीट बिल आणि मीटरचे फोटो असतील तर आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही.