चादरीचं डिझाईन रजिस्टर करू का जीआयवर (भौगोलिक मानांकनावर) भागवू?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मित्रानं जेकार्ड मागावर नवीन मोर काढलाय, तो या प्रश्नात अडकलाय. त्याला म्हटलं: बघ, रजिस्टर केलेलं डिझाईन तुझ्या एकट्याचं, विकता पण येतं. सोलापुरी चादरीचा जीआय सगळ्या विणकरांचा, तो विकता येत नाही, तू फक्त अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची. डिझाईनला १० वर्षं, वाढवून १५, मग कुणीही विणू दे, आणि मला ते बरोबरच वाटतं कारण जुने मोर आपण पण आजोबांच्या पिढीकडूनच घेतले ना. जीआय दर १० वर्षांनी रिन्यू होत राहतो. अर्जाआधी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो मात्र टाकू नको, नवेपणा गेला की रजिस्ट्रेशन अडकतं. खरंच नवं असेल तर डिझाईन, नेहमीचीच चादर बाहेरगावी विकायची तर जीआय.