किराणा दुकानासाठी टू-डी बारकोड स्कॅनर: वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या किराणा दुकानात सध्या तारेचा, हातात धरून वापरायचा टू-डी स्कॅनर आहे. लहान दुकानदाराने तो जरूर घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र स्कॅनर आला म्हणजे बिल आपोआप बिनचूक होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

यूएसबीची तार जोडली की संगणक या यंत्राला कीबोर्डच समजतो. बारकोडमधले १३ अंक बिलाच्या रकान्यात उमटतात, पाठोपाठ एंटर दाबल्यासारखे होते आणि एवढ्यावर स्कॅनरचे काम संपते. वस्तूचे नाव किंवा किंमत त्या रेघांमध्ये नसतेच, ती आपल्या संगणकातील नोंदीतून येते. सुरुवातीचे ८९० हे अंक कंपनीने तो क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतल्याचे दाखवतात. त्यावरून माल भारतातच तयार झाला, असे ठरत नाही. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. उदाहरणार्थ, ८९०१२३४५६७८९ या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की १३० येते, ती दहाने पूर्ण भागली जाते, म्हणून तेरावा अंक शून्य. हा मेळ बसला नाही, तर स्कॅनर क्रमांक पुढे पाठवतच नाही.

वाचण्याच्या बाबतीत हे यंत्र पूर्वीच्या लेझर स्कॅनरपेक्षा निःसंशय सरस आहे. लेझरची एकच लाल रेघ सगळ्या पट्ट्यांवरून आडवी जावी लागे, त्यामुळे पिशवी कशी धरली याला फार महत्त्व होते. टू-डी स्कॅनर पूर्ण चित्र टिपतो, त्यामुळे उलटे-तिरके धरलेले पाकीटही चालते आणि मोबाइलच्या पडद्यावरील कोडही वाचला जातो. फ्रीजमधून काढलेल्या, दव धरलेल्या दुधाच्या पिशवीवर मात्र तोही अडतो, कारण पाण्याचे थेंब आणि प्लॅस्टिकची सुरकुती यांनी पट्ट्यांच्या कडा मोडतात. पिशवी फडक्याने पुसून बोटांनी ताणली की काम होते.

खरी अडचण किमतीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट आणि शाम्पू यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या आणि नव्या छापील किमतीचा माल फळीवर शेजारी शेजारी होता आणि अनेक वस्तूंवर बारकोड तोच होता. अशा वेळी कितीही महागडा स्कॅनर फरक ओळखू शकत नाही. एका बारकोडखाली अनेक एमआरपी ठेवू देणारे आणि स्कॅन करताच कोणती घ्यायची हे विचारणारे बिलिंग सॉफ्टवेअर असेल, तरच गिऱ्हाइकाला योग्य भाव लागतो. म्हणून विक्रेत्याकडे स्कॅनरइतकीच या सोयीची चौकशी करावी आणि ती समोर चालवून दाखवायला सांगावी.

सुट्या डाळी-तांदळासाठी लेबल छापणारा वजनकाटा वेगळा घ्यावा लागतो. त्याच्या बारकोडची सुरुवात २ ने होते आणि आतच वजन किंवा रक्कम गुंफलेली असते. तो क्रमांक उलगडण्याची सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदा करून घेतली की हा स्कॅनर ती लेबलेही बिनतक्रार वाचतो.