कॉन डायरेक्टर १४एच ट्रॉम्बोन: आठ महिने वाजवल्यानंतर

जुना विद्यार्थी-ट्रॉम्बोन घ्यायचा का, हे बेलची (पुढच्या कर्ण्याची) चकाकी बघून ठरवू नका, स्लाइड म्हणजे सूर बदलणारी सरकती नळी बघून ठरवा. एल्कहार्टच्या कारखान्यातला कॉन कंपनीचा डायरेक्टर १४एच आठ महिने रोज तासभर वाजवल्यावर हे मत आणखी पक्कं झालंय. लॅकर (पितळावरचा पारदर्शक लेप) जागोजागी उडालंय, बेलला दोन पोचे आहेत, केसची म्हणजे वाद्याच्या पेटीची एक कडी ढिली आहे. यातल्या कशानेही सूर बिघडत नाही. स्लाइड अडकत असेल तर मात्र नव्यासारखं चकचकीत वाद्यही निरुपयोगी.

आधी हे वाद्य आलं कुठून ते सांगतो, कारण त्याची घडण त्यावरून कळते. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे अमेरिकेतल्या बँडच्या वाद्यांचं माहेरघर. १९२३ साली शिकागोला शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिला वाद्यनिर्मात्यांनी पैसा पुरवला होता. शाळाशाळांतून बँड उभे राहिले तशी स्वस्त पण टिकाऊ वाद्यांची मागणी वाढली. दुसऱ्या महायुद्धात कॉनने वाद्यं थांबवून होकायंत्रं आणि उंचीमापकं बनवली. युद्धानंतर शाळांत मुलांची संख्या प्रचंड वाढली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर डायरेक्टर ही विद्यार्थी-मालिका आली. बेलवर कोरलेल्या ताऱ्यांमुळे संग्राहक तिला ‘शूटिंग स्टार्स’ म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉनची पितळी वाद्यं टेक्सासमधल्या ॲबिलीनला बनू लागली, म्हणून जुन्या बाजारात एल्कहार्टचा शिक्का मुद्दाम शोधला जातो.

नळीचा आतला व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. सिम्फनीतले टेनर ट्रॉम्बोन साधारण १३.९ मिमीचे असतात. ऐकायला फरक एवढासा, पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या दमाला तो मोठाच. अरुंद नळीत कमी हवेत सूर लागतो, आवाज पुढे फेकला जातो. खालच्या पट्टीत मोठ्या वाद्याचा भरदार घुमारा मिळत नाही आणि जोरात फुंकलं की सूर लवकर कर्कश होतो. शिकण्यासाठी मात्र हीच नळी योग्य वाटते, मोठी नळी पुढेही घेता येते.

आता स्लाइड. आतल्या दोन नळ्यांच्या टोकाला साधारण १० ते १२ सेंटीमीटर भाग किंचित जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात. बाहेरच्या नळीला घासतो तो एवढाच भाग. तपासताना लॉक उघडा, स्लाइड उभी धरा आणि खाली हात ठेवून बाहेरची स्लाइड सोडा. ती न अडखळता, एकसारखी खाली यायला हवी. अडली तर बाहेरची स्लाइड पूर्ण काढा, उलटी फिरवा आणि आतली एकच नळी बाहेरच्या एकाच नळीत घाला. मग दुसरी. एकेकटी मोकळी सरकते पण जोडीने अडते, असं असेल तर नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. चांगला कारागीर ते सरळ करतो. एकटी नळीसुद्धा ठरावीक जागी अडत असेल तर तिथे पोचा आहे किंवा नळी वाकली आहे, आणि हे काम महाग पडतं. स्टॉकिंगवरचा क्रोमचा मुलामा उडून पिवळं पितळ दिसत असेल, बोटाला खड्डे लागत असतील, तर वाद्य तिथेच ठेवून परत या. ही झीज कोणत्याही तेलाने भरून निघत नाही.

देखभाल सोपी आहे, पण नियमाने करावी लागते. दर दोन आठवड्यांनी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब पुरतात. गरम पाणी नको, लॅकर सुटतं. बाहेरच्या नळ्या आतून पुसायच्या तर सळईला सुती फडकं असं गुंडाळा की टोकाला धातू उघडा राहणार नाही. शिवाय ज्या नळीत सळई घालाल तीच नळी हातात धरा. दुसरी धरून जोर लावला की स्लाइड पिळते. मग फक्त स्टॉकिंगवर मुगाच्या दाण्याएवढं स्लाइडचं क्रीम चोळा आणि वरून पाणी फवारा. जास्त क्रीम लावलं की दोन दिवसांत काळा लगदा जमतो, हीच चूक सगळ्यांत जास्त होते. वॉटर कीचा (आत साचलेलं पाणी सोडण्याच्या झडपेचा) कॉर्क या काळात एकदा बदलावा लागला. तिथून हवा गळली की खालचे सूर आधी डळमळतात, आणि दोष ओठांना दिला जातो.

आता सुरांचं. स्लाइड बाहेर काढण्याच्या सात ठरलेल्या जागांना पोझिशन म्हणतात, पहिली सगळ्यांत आतली. पहिल्या पोझिशनमधला मिडल सीच्या वरचा डी थोडा उतरतो. हा या वाद्याचा दोष नाही. पाचवा स्वरांश, म्हणजे स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी निघणाऱ्या सुरांपैकी पाचवा, निसर्गतःच सुमारे १४ सेंट खाली असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). उपाय असा: ट्यूनिंग स्लाइड (सगळं वाद्य सुरात लावण्याची वेगळी छोटी सरकती नळी) थोडी आत ढकला आणि पहिली पोझिशन टोकापासून सेंटीमीटरभर बाहेर धरा. मग डीसाठी स्लाइड पूर्ण आत नेता येते. त्याच्या वरचा जी दुसऱ्या पोझिशनमध्ये अडीच सेंटीमीटर आत घ्यावा लागतो. सातव्या पोझिशनपर्यंत स्लाइड जवळजवळ ५७ सेंटीमीटर बाहेर जाते. लहान हात तिथे पोचत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी सहाव्यापर्यंतच्या गती पक्क्या करून घ्याव्यात.

माऊथपीस लहान शँकचं (वाद्यात बसणाऱ्या दांड्याचं) घ्या. १२सी आकाराने सुरुवात बरी होते, पुढे ६½एएलने आवाज गोल होतो. माऊथपीस ठोकून बसवू नका. अडकलं तर पक्कड न लावता माऊथपीस काढण्याचं खास साधन, पुलर, वापरा, नाहीतर लीडपाइपचा (माऊथपीस जिथे बसतं त्या नळीचा) डाख सुटतो.

खरेदीवेळी स्लाइडच्या तळाचा बाक उजेडात धरून बघा. गुलाबी वर्तुळ आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर ती रेड रॉट आहे, म्हणजे पितळातलं जस्त निघून जाऊन आतून बाहेर पोखरण सुरू झाली आहे. याच मालिकेतल्या १८एचची कॉप्रियन बेल विजेच्या प्रक्रियेने साच्यावर तांबं बसवून सांध्याशिवाय बनवलेली असते. त्या बेलमध्ये जस्तच नाही, म्हणून तिला ही कीड लागत नाही. मात्र तांबं मऊ असल्यामुळे पोचे लवकर पडतात. अमेरिकेत मुलाने पाचवी-सहावीत बँड निवडला आणि घर भाड्याच्या वाद्याचा विचार करत असेल, तर चालू स्लाइडचा १४एच आधी बघा.

इकडे आणणार असाल तर पावसाळ्यात केस बंद करून ठेवू नका. जुन्या अस्तराला बुरशी लवकर धरते. वाजवून झाल्यावर पाणी काढा, स्लाइड पुसा आणि केस अर्धा तास उघडी ठेवून मगच कडी लावा.