धूर की उष्णता? इमारतीसाठी आगीचा अलार्म निवडताना

आगीच्या अलार्मचे कोटेशन मागवले की हाती येतो एक मोठा आकडा आणि त्याखाली ‘डिटेक्टर, अमुक नग’ अशी एक ओळ. हा डिटेक्टर धूर ओळखणारा आहे की उष्णता ओळखणारा, हे कमिटीच्या बैठकीत सहसा कुणी विचारत नाही. सूचना दाखवणारे पॅनेल कुठले, हूटर म्हणजे भोंगे किती, एएमसी म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार केवढ्याचा, यावर तासभर चर्चा होते. पण रात्री दोन वाजता माणसे वेळेत जागी होतील की नाही, हे त्या न विचारलेल्या प्रश्नावर ठरते.

माझे मत आधीच सांगतो. माणसे झोपतात तिथे, आणि त्यांना बाहेर पडायच्या वाटेवर, धूर ओळखणाराच डिटेक्टर हवा. जिथे धूर, वाफ किंवा धूळ रोजचीच आहे तिथे उष्णता ओळखणारा. सगळ्या इमारतीला एकच प्रकार लावायचा सल्ला देणाऱ्या एजन्सीकडून काम करून घेऊ नये.

आधी उष्णता आली, धूर नंतर

या दोघांतला फरक कळायला त्यांचा इतिहास उपयोगी पडतो. १८५२ साली बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांची तारायंत्रावर चालणारी आगीची सूचना यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर पेट्या होत्या, पण आग आधी माणसाला दिसायला हवी आणि त्याने पेटीपर्यंत धावत जायला हवे. इमारतीने स्वतःहून हाक मारावी ही पुढची पायरी. १८७० च्या दशकात त्याच शहरात विल्यम वॉटकिन्स यांनी छताला उष्णतेने चालणारे संवेदक लावून ती सेवा म्हणून द्यायला सुरुवात केली. १८९० मध्ये एडिसन यांचे सहकारी फ्रान्सिस अप्टन यांना विजेवर चालणाऱ्या अशाच अलार्मचे अमेरिकन पेटंट मिळाले. १९०२ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधल्या जॉर्ज डार्बी यांनी उष्णता ओळखणारे यंत्र पुढे आणले. त्याच्या सर्वांत साध्या रूपात धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये लोण्याचा तुकडा ठेवायचा. खोली तापली की लोणी वितळते, वरची पट्टी खालच्या पट्टीवर पडते, विद्युत मंडल पूर्ण होते आणि घंटा वाजते.

हे सगळे उष्णताच का मोजत होते? कारण उष्णतेने वस्तू वितळते, फुगते, वाकते, आणि तेवढ्यावर घंटेचा विद्युतप्रवाह चालू करता येतो. धुराचे तसे नाही. धुराने होणारा विद्युत बदल इतका क्षीण असतो की तो वाढवून घेण्याचे तंत्र येईपर्यंत थांबावे लागले. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारा संवेदक करायच्या खटपटीत होते. तो वायूने नाही, पण त्यांच्या सिगारेटच्या धुराने हलला, असे सांगितले जाते. त्याच देशात एर्न्स्ट मायली यांनी पुढच्या काही वर्षांत त्या तत्त्वावर वापरता येईल असे उपकरण केले, आणि सेर्बेरस कंपनीने ते बाजारात आणले.

उष्णतेवर चालणाऱ्या पहिल्या पिढीच्या यंत्रणा मुख्यतः गोदामे, गिरण्या आणि व्यापारी इमारतींसाठी होत्या. रात्री कुलूपबंद जागेत आग लागली तर माल वाचावा, शेजारची इमारत पेटू नये, हा हेतू, आणि तो त्यांनी चोख साधला. झोपलेल्या कुटुंबाला वेळेवर उठवणे हे त्यांच्याकडे कुणी मागितलेलेच नव्हते. आज तेच तत्त्व शयनगृहाच्या छताला लावले जाते, तेव्हा त्याच्याकडून आपण भलतेच काम मागत असतो.

उष्णतेचा डिटेक्टर कुठे खरा उतरतो

बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. एक ठरलेल्या तापमानाला चालतो. युरोपीय ईएन ५४ मानकातल्या ए-वन वर्गाचा डिटेक्टर ५४ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सूचना देतो. अमेरिकन पद्धतीत नेहमीचा आकडा ५७ अंशांचा. दुसरा प्रकार तापमान किती वेगाने चढते ते पाहतो, साधारण मिनिटाला ८ अंशांच्या वर. त्याच्या पारंपरिक रचनेत एक हवाबंद कप्पा आणि त्याला एक बारीक छिद्र असते. ऊन हळूहळू चढले तर फुगलेली हवा छिद्रातून निघून जाते. आग लागली तर तिला निघायला वेळच मिळत नाही आणि पडदा ढकलला जातो. एकही नाजूक भाग नसलेली ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

स्वयंपाकघर, मंगल कार्यालयाची भटारखाना-जागा, जनरेटरची खोली, पिठाची गिरणी, लाकडाची वखार, लाँड्री या त्याच्या जागा. फोडणीच्या धुराने तो वाजत नाही, भुशाने आंधळा होत नाही, आणि देखभालही कमी मागतो.

पण इथेही डोळे झाकून घेऊ नये. ए-वन वर्ग कमाल ५० अंशांपर्यंतच्या नेहमीच्या तापमानासाठी असतो. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या पत्र्याच्या शेडखाली छताजवळची हवा त्याच्या पलीकडे सहज जाते. तिथे बी वर्गाचा, म्हणजे ६९ ते ८५ अंशांना चालणारा डिटेक्टर मागायचा. कोटेशनमध्ये वर्ग लिहिलेला नसेल तर विचारून लिहून घ्या. वेग पाहणारा प्रकार भट्टीजवळ किंवा जनरेटरच्या डोक्यावर लावू नका. भट्टीचे दार उघडले किंवा इंजिन सुरू झाले की तापमान एकदम चढते आणि खोटा अलार्म येतो. अशा ठिकाणी फक्त ठरलेल्या तापमानाचा बरा.

डार्बींचे लोणी संपलेले नाही. केबल ट्रे, लांब डक्ट, भुयारी पार्किंग यांसाठी उष्णता ओळखणारी केबल मिळते. आत दोन तारा, त्यांच्यामध्ये ठरलेल्या तापमानाला मऊ पडणारे आवरण. ते वितळले की तारा एकमेकींना टेकतात आणि सूचना जाते. इलेक्ट्रिकल डक्टमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात डिटेक्टर लटकवण्यापेक्षा ही केबल मला अधिक भरवशाची वाटते.

आता त्याची खरी मर्यादा. छताखालची हवा ५७ अंशांना पोहोचायची तर खाली ज्वाळा उठलेल्या असाव्या लागतात. गादीत पडलेली ठिणगी, सोफ्यात धुमसणारा कापूस, मीटरबोर्डमध्ये जळणारे आवरण तासभर धूर ओकत राहील आणि हा डिटेक्टर गप्प बसेल. त्यात त्याचा दोष नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच देत असतो.

धुराचा डिटेक्टर आणि त्याच्या तक्रारी

आज मिळणारे बहुतेक स्मोक डिटेक्टर प्रकाशावर चालतात. काळ्या चक्रव्यूहासारख्या कप्प्यात एक एलईडी आणि तिच्या थेट समोर नसलेला एक प्रकाशसंवेदक. कण आत आले की प्रकाश विखुरतो आणि संवेदकापर्यंत पोहोचतो. धुमसणाऱ्या आगीचा मोठ्या कणांचा धूर हा प्रकार लवकर पकडतो. जुना आयनीकरण प्रकार भडकलेल्या आगीच्या बारीक कणांना जलद होता, पण त्यात अमेरिसियम २४१ हे किरणोत्सारी द्रव्य असते आणि आपल्याकडे ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येते. जुन्या इमारतीतले असे डिटेक्टर काढून टाकायचे असतील तर ते भंगारवाल्याला देऊ नका. ते नियमाप्रमाणे परत पाठवण्याची जबाबदारी पुरवठादारावर करारात घाला.

प्रकाशावर चालणाऱ्याच्या तक्रारी कमिटीतल्या प्रत्येकाला पाठ असतात. तो वाफेला भुलतो, म्हणून बाथरूमच्या दाराशी नको. धुळीला भुलतो. डासांची फॉगिंगची गाडी आली की अख्खा मजला वाजतो. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात बारीक किडे जाळीतून आत शिरतात. गणपतीत धूप, सत्यनारायणाचा होम, देवघरातला कापूर हे सगळे त्याच्या लेखी धूरच.

या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. जागा नीट निवडणे हा पहिला. एसीच्या झोतापासून किमान एक मीटर दूर, देवघर आणि गॅसपासून लांब. फॉगिंगच्या तारखा वॉचमनला आधी कळवून तेवढ्याच वेळापुरता तो झोन, म्हणजे त्या भागातले डिटेक्टर, बंद ठेवणे आणि लगेच चालू केल्याची नोंद वहीत करणे. नूतनीकरण चालू असताना प्लास्टिकची टोपी घालणे आणि काम संपताच ती काढणे. ही टोपी महिनोन्महिने तशीच राहिलेल्या इमारती अनेक आहेत. खालून पाहणाऱ्याला डिटेक्टर दिसतो आणि सगळे निश्चिंत असतात. धूर आणि उष्णता दोन्ही पाहून निर्णय करणारा मल्टिसेन्सर प्रकारही मिळतो. हॉलमध्येच स्वयंपाकघर असलेल्या छोट्या घरांसाठी तो महाग असला तरी योग्य.

मात्र खोट्या अलार्मला कंटाळून ‘सगळीकडे हीट डिटेक्टरच लावू’ असा ठराव होतो, तेव्हा मला भीती वाटते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. १० बाळे गेली. त्यांतली सात धुराने गुदमरल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. आगीच्या घटनांमध्ये ज्वाळा पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. स्वतःहून उठून चालता न येणारी माणसे जिथे असतात, म्हणजे बाळे, आजारी, वृद्ध, तिथे मिळालेले प्रत्येक मिनिट दुसऱ्या कुणाला तरी त्यांना उचलून बाहेर न्यायला लागते.

नग मोजताना

एक हीट डिटेक्टर स्मोक डिटेक्टरपेक्षा स्वस्त पडतो, पण हिशेब तिथे थांबत नाही. ब्रिटिश बीएस ५८३९ मानकाप्रमाणे सपाट छताखाली कुठलाही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून ७.५ मीटरच्या आत हवा, हीट डिटेक्टरपासून ५.३ मीटरच्या आत. क्षेत्रफळात पाहिले तर हीट डिटेक्टर निम्मीच जागा सांभाळतो. म्हणजे मोठ्या मोकळ्या जागेला नग दुप्पट, वायर जास्त, मजुरीही जास्त. दोन कोटेशनांत नगांची संख्या सारखी आणि प्रकार वेगळा दिसला, तर त्यांतले एक चुकलेले आहे असे समजायला हरकत नाही. स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांवरच्या मोकळ्या जागेत, खोल बीम असतात. छताच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून खोल बीम त्या मानकात भिंतीसारखा धरतात, तेव्हा दोन बीममधला प्रत्येक गाळा वेगळा मोजावा लागतो. आपल्याकडे आयएस २१८९ ही या कामाची भारतीय संहिता आहे. आराखडा तिच्याप्रमाणे केला आहे असे एजन्सीकडून सहीनिशी घ्या.

पॅनेलचा प्रश्न

कन्व्हेन्शनल पॅनेल ‘झोन तीन’ एवढेच सांगते. अ‍ॅड्रेसेबल पॅनेल ‘सातवा मजला, लिफ्ट लॉबी’ असे पडद्यावर लिहिते. चार-पाच मजल्यांच्या, एका जिन्याच्या इमारतीला मजल्यागणिक झोन केला की कन्व्हेन्शनल पुरते. उंच इमारतीत, अनेक विंग असतील तिथे किंवा रुग्णालयात अ‍ॅड्रेसेबलच घ्या, कारण वॉचमनला जिने चढून आग शोधत फिरायला लावणे योग्य नाही. शिवाय कुठला डिटेक्टर मळला आहे हेही त्यातली बरीच पॅनेल सांगतात आणि खोटे अलार्म आधीच रोखता येतात.

त्यात एक मेख आहे. बऱ्याच कंपन्यांच्या अ‍ॅड्रेसेबल पॅनेलवर दुसऱ्या कंपनीचे डिटेक्टर चालत नाहीत. एकदा बसवले की पुढची दहा वर्षे सुटे भाग आणि एएमसी त्यांच्याच दारी. म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी मागा: अनेक कंपन्यांचे डिटेक्टर चालणारी खुली प्रणाली आहे का, पॅनेलचा पासवर्ड सोसायटीकडे राहील का, आणि सुट्या डिटेक्टरचा दर आजच ठरेल का. बॅटरीबद्दलही विचारा. वीज गेल्यावर २४ तास पहारा आणि त्यानंतर अर्धा तास हूटर चालेल इतकी क्षमता लेखी असावी.

मी जशी मांडणी करीन

निवासी इमारतीत जिन्याच्या आणि लिफ्टच्या लॉबीत, मीटर रूममध्ये, कमिटी ऑफिसात स्मोक. घरात शयनगृहांबाहेरच्या पॅसेजमध्ये स्मोक, स्वयंपाकघरात हीट. जनरेटर खोलीत ठरलेल्या तापमानाचा हीट. पार्किंगमध्ये गाड्यांचा धूर असतो म्हणून हीट, आणि दुचाकींच्या चार्जिंगची जागा असेल तर तिथे वर उष्णता ओळखणारी केबल. मुंबईतल्या गोरेगावमध्ये ऑक्टोबर २०२३ ची आग पार्किंगच्या पातळीवर लागली आणि वरच्या मजल्यांवरची माणसे गेली. तेव्हा पार्किंगमधला डिटेक्टर फक्त खाली वाजून उपयोगाचा नाही, हूटर प्रत्येक मजल्यावर ऐकू यायला हवा. बेडरूमचे दार बंद आणि पंखा चालू करून पाहा, आवाज आत उशीपाशी पोहोचतो का.

तुमच्या इमारतीला किमान काय बंधनकारक आहे ते अग्निशमन दलाच्या ना-हरकत पत्रात लिहिलेले असते. ते आधी काढून वाचा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘बी’ फॉर्म, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या तपासणीला कमिटीतले कुणीतरी हजर राहा. अगरबत्ती दाखवून एखादा डिटेक्टर वाजवणे ही चाचणी नव्हे. स्मोकसाठी चाचणीचा एरोसोल, हीटसाठी गरम हवेचे साधन, आणि दर फेरीत ठरलेल्या नगांची क्रमांकासह नोंद, एवढे एएमसीच्या करारात आधीच घालून घ्या.